दत्ताची फर्स्ट शिफ्ट

वेल्फेअर ऑफिसर म्हणजे नेमकं काय, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या गावी, आंबवड्यात, कुणी विचारलं की ती सांगायची, "सुमनला कंपनीत सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकायला ठेवलंय." मला राग यायचा. पुण्यात राहून एवढं शिक्षण घेतलं, आणि आईच्या लेखी मी गाऱ्हाणी ऐकणारी. आता निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. भोरच्या घरात दुपारी एकटी बसलेली असते तेव्हा वाटतं, आईनं बरोबर सांगितलं होतं. फक्त ऐकल्यानंतर मी काय केलं, हे तिनं कधी विचारलं नाही.

आमची कंपनी भोर फाट्याच्या अलीकडे, हायवेला लागून. गाड्यांमध्ये जे वायरींचे जुडगे असतात, ते आम्ही बनवायचो. भोर आणि वेल्हे तालुक्यातली पोरं-पोरी कामाला. कंपनीची एक बस भोरवरून यायची, एक वेल्ह्यावरून. कारखान्यात पाचशेच्या वर कामगार असले की कायद्यानं एक कल्याण अधिकारी नेमावा लागतो. ती मी. पगार कंपनी देणार आणि काळजी कामगारांची घ्यायची. त्यामुळे कामगारांना वाटतं ही मॅनेजमेंटची, मॅनेजमेंटला वाटतं ही कामगारांची. दोन्हीकडे चहा मिळतो, पण दोन्हीकडे आपण आत गेलो की बोलणं थांबतं.

भरतीच्या वेळी मुलाखतीला मी बसायचे. मध्ये आमचे प्रॉडक्शन मॅनेजर, त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. लाईनवरची एक जागा रिकामी राहिली की पुढच्या सगळ्यांचे हात थांबतात, आणि वरून फोन त्यांनाच येतो. एकदा वेल्ह्याची रेश्मा नावाची मुलगी आली. हात असा चपळ, की चाचणीत पहिली.

साहेबांनी विचारलं, "लग्न झालंय?"

"व्हय."

"मुलं?"

"दोन. एक चार वर्साचं, एक दीड."

"मग सांभाळणार कोण?"

"सासूबाई हायत."

"आणि त्या आजारी पडल्या तर?"

रेश्मानं उलट विचारलं, "साहेब, तुमाला किती मुलं हायत?"

"दोन."

"मग त्यास्नी ताप आला की तुमी कामावर येत न्हाई व्हय?"

मला हसू आवरेना. मी मान खाली घालून लिहीत राहिले. साहेब मात्र हसले नाहीत. ती गेल्यावर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी फॉर्मवर माझ्या सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला : 'घरगुती जबाबदाऱ्या जास्त. विचार करू नये.' त्याच दिवशी तीन मुलांचा बाप असलेला एक जण आला. त्याला बघून साहेब म्हणाले, "संसारी आहे, टिकेल." त्याच्या फॉर्मवर मी 'योग्य' लिहिलं. बाईची मुलं म्हणजे अडचण आणि पुरुषाची मुलं म्हणजे भरवसा, हे दोन शेरे एकाच पेनानं लिहिताना माझा हात थांबला नाही.

पुढं दोनेक वर्षांनी ऑफिसची सहल पानशेतला गेली. धरणाजवळ एका छपराखाली जेवायला बसलो. वाढायला आलेली बाई माझ्या ताटात भाकरी ठेवताना थांबली.

"मॅडम, वळखलं न्हाई? म्या रेश्मा. तुमच्या कंपनीचा फॉर्म भरला हुता."

माहेरी येऊन तिनं खाणावळ टाकली होती. पुण्याची माणसं शनिवार-रविवारी गर्दी करत. चांगलं चाललं होतं तिचं. मी म्हटलं, "बरं झालं बाई."

"व्हय, बरंच झालं. पर म्या लई दिस फोनची वाट बघितली. तुमी माझ्याकडं बगून काय काय लिवत हुता ना, म्हनून वाटलं, चांगलंच लिवलं आसंल."

ती पिठलं आणायला आत गेली.

सहलीवरून आल्यावर मी भरतीच्या फॉर्ममधले ते प्रश्न खोडायला लावले. लग्न, मुलं, घरी कोण आजारी आहे, सगळे. साहेबांशी आठवडाभर वाद झाला. बाई आहे म्हणून भरतीत डावलता येत नाही, असं सांगणारं कायद्याचं पुस्तक मी त्यांच्या टेबलावर उघडून ठेवलं. ते पुस्तक माझ्या कपाटात पहिल्यापासून होतं. रेश्माच्या मुलाखतीच्या दिवशीही.

पण नोकरी लागल्यावर घरचं माणूस आजारी पडलं तर काय, याचं उत्तर त्या पुस्तकात फारसं नव्हतं. बाईला बाळंतपणाची रजा आहे, मधल्या काळात ती बारा आठवड्यांची सव्वीस झाली. पाळणाघर आहे. कामगार स्वतः आजारी पडला तर त्याला रजा आहे. आई पडली, बाप पडला, तर काही नाही. गंमत अशी, की म्हाताऱ्या आईबापांना सांभाळणं मुलांवर बंधनकारक आहे असा कायदा आहे. सांभाळायला वेळ कुठून आणायचा, ते मात्र कुणी लिहिलेलं नाही. मग माणसं खोटं लिहितात. ज्याची आई दवाखान्यात असते त्याच्या अर्जात स्वतःची कंबर दुखते. माझ्या फाईलींमध्ये अशा दुखणाऱ्या कंबरा शेकड्यांनी असतील. मी त्या सगळ्या मंजूर करायचे आणि स्वतःला दयाळू समजायचे.

दत्ता असं लिहायला तयार नव्हता.

दत्ता वेल्ह्यापुढच्या पासली गावचा. वायरीच्या टोकाला पितळी टोपण दाबून बसवायचं मशीन असतं, त्यावर तो सात वर्षं होता. त्याच्या हातचा माल कधी परत आला नाही. बोलायचा कमी. बाप लहानपणी गेलेला, घरी तो आणि आई हौसाबाई, दोघंच. थोडी भातशेती. त्या हौसाबाई हळूहळू विसरायला लागल्या. आधी चुलीवरचं दूध, मग शेजारणीचं नाव, मग घराची वाट. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आता मागं फिरणार नाही, त्यांना एकटं ठेवू नका.

आमच्याकडे तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदलणाऱ्या. फर्स्टच्या आठवड्यात दत्ता वेळेवर हजर. सेकंड आणि थर्ड लागली की खाडे. अर्ज यायचा : 'आईला एकटं सोडता येत नाही म्हणून रजा मिळावी.' सुपरवायझर तो परत करायचा, असलं कारण चालत नाही म्हणून.

मी त्याला बोलावून घेतलं. "दत्ता, तब्येतीचं कारण लिही. डॉक्टरचा कागद आण. मी बघते पुढचं."

"मॅडम, म्या तर धडधाकट हाय."

"अरे, सगळेच लिहितात."

"लिवू द्या. आजारी आई हाय, म्या न्हाई. ती जित्ती आसताना तिचं नाव कागदावरनं का काढू?"

सुपरवायझर बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "लग्न कर की लेका. बायको बघंल आईला."

दत्ता शांतपणे म्हणाला, "आईला बगायला बायको करायची व्हय? तिनं काय पाप केलंय?"

त्यानंतर एके दिवशी तो सेकंड शिफ्टला असताना हौसाबाई घरातून निघून गेल्या. दिवेलागणीला गुराख्यांना ओढ्याच्या काठी सापडल्या, लुगडं भिजलेलं, पायात काटे. दुसऱ्या दिवसापासून दत्ता आलाच नाही. चौदा दिवस. आमच्या नियमात दहा दिवसांच्या वर विनापरवाना गैरहजेरी म्हणजे गैरवर्तन. नोटीस गेली, मग आरोपपत्र. ते मीच तयार केलं. त्यात 'आई' हा शब्द कुठंही आला नाही. तसा मसुद्यात तो येतच नाही.

कामावरून काढायचं तर आधी चौकशी करावी लागते. बाहेरचा एक वकील न्यायाधीशासारखा मध्ये बसतो, एका बाजूला कंपनीचा माणूस, दुसऱ्या बाजूला कामगार. कंपनीचा माणूस म्हणून मी; खरं तर कल्याण अधिकाऱ्यानं त्या बाजूला बसायचं नसतं, पण आमच्याकडे तेही माझ्याच गळ्यात होतं. दत्ता एकटाच आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

वकील म्हणाले, "आरोप मान्य आहे?"

"व्हय. न्हाई आलो चौदा दिस."

"बचावात काही सांगायचंय?"

तो म्हणाला, "आई सगळं इसरलीया साहेब. मला तेवढं वळखती आजून. ती वळखती तवर म्या तितं पायजे. मग तुमी सांगाल त्या शिफ्टला येतो."

वकिलांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं, आरोप मान्य आहे, चौकशी पूर्ण करावी. मी म्हणाले, "पुढची तारीख द्या. कंपनीला काही माहिती घ्यायची आहे." मोठ्या साहेबांना हे कळायला दहा मिनिटं लागली. त्यांनी केबिनमध्ये बोलावून जे सुनावलं ते इथं लिहीत नाही.

आता माझ्या घरचं थोडं सांगते. त्या दिवसांत आई आंबवड्याला भावाकडे होती. पडून होती असं नाही, पण थकली होती. भावजय सगळं करायची. आईनं फोनवर एकच मागणी लावून धरली होती, "सुमे, एकदा येऊन मला न्हाऊ घाल गं. तुझ्या हातानं न्हायचंय. हिचा हात लई घाईचा." मी म्हणायचे, या रविवारी येते. असे दोन रविवार गेले होते. भोरहून आंबवडं किती लांब? एसटीनं असेल अर्धा-पाऊण तास. तिसऱ्या रविवारी नक्की जाणार होते. शिकेकाई आणून ठेवली होती.

आणि चौकशीची पुढची तारीख त्या रविवारनंतरच्या शुक्रवारची पडली. पासलीला जाऊन दत्ताचं घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला साहेबांसमोर बोलता येणार नव्हतं. रिकामा दिवस होता तो रविवारच. आईला फोन केला. "पुढच्या रविवारी, आई. एका पोराची नोकरी जायची वेळ आलीय."

आई म्हणाली, "जा, जा. त्याची आई वाट बघत आसंल."

पासलीला पोचले तेव्हा हौसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. दत्ता त्यांना चमच्यानं मऊ भात भरवत होता. मध्येच त्या तोंड फिरवायच्या, तो थांबायचा, पुन्हा चमचा पुढं करायचा. कारखान्यात मशीनवर जो हात बघितला होता, तोच. शेजारी त्याची चुलती राहायची. तिच्याशी बोलले. ती म्हणाली, "पहाटंपास्नं चारपत्तूर म्या बगती. चारला गुरं येत्यात, धारा काढायच्या आसत्यात. मग न्हाई जमत." मी वहीत दिवसाचे तास मांडले. पहाटे दत्ता मोटारसायकलवर वेल्ह्याला, तिथून कंपनीची बस. फर्स्ट शिफ्ट सुटली की चारच्या आसपास घरी. त्याला दया नको होती, रजाही नको होती. रोज फर्स्ट शिफ्ट पाहिजे होती, एवढंच.

पण एकाला कायम फर्स्ट द्यायची म्हणजे त्याच्या वाटची सेकंड आणि थर्ड दुसऱ्यांनी करायची. त्याच्या सेक्शनमध्ये आणखी नऊ जण होते. सोमवारी मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत गाठलं, सगळं सांगितलं आणि एक कागद ठेवला. जबरदस्ती नाही म्हटलं. मला वाटलं होतं, दोघं-तिघं तयार होतील, बाकीच्यांना समजवावं लागेल. गुरुवारपर्यंत नऊच्या नऊ सह्या झाल्या होत्या. शेवटची सही करणारा मोठ्या वयाचा गडी म्हणाला, "मॅडम, माझा बा बी आजकाल मोरी कुठं हाय ते इचारतोय." आणि डबा घेऊन निघून गेला.

शुक्रवारी सकाळी तो कागद मी साहेबांपुढे ठेवला.

ते म्हणाले, "एकाला दिलं की उद्या सगळे मागतील."

"मागू द्या साहेब. सगळ्यांच्या आया एकदम आजारी पडत नाहीत."

"कायद्यात आहे का असं काही?"

"नाही. पण द्यायचं नाही, असंही नाही."

त्यांनी सह्या पुन्हा वाचल्या. खुर्ची खिडकीकडे वळवली. मग, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी आई इस्लामपूरला असते. भाऊ बघतो." खुर्ची परत वळवून म्हणाले, "सहा महिने देऊ. पण एक सांगून ठेवा त्याला. लाईन लीडरसाठी त्याचं नाव पुढं गेलंय, ते आता होणार नाही. लीडरला तिन्ही शिफ्ट कराव्या लागतात."

सात वर्षं दत्ता ज्या जागेची वाट बघत होता ती ही जागा. मी त्याला सांगितलं. त्यानं नुसतं विचारलं, "सही कुठं करू?" वकिलांसमोर समेटाचा कागद झाला, आरोपपत्र मागं घेतलं गेलं. लीडरच्या जागेसाठी मी आणखी भांडायला हवं होतं. एवढं मिळालं यातच मी खूश होते. आजही ते मला लागतं. आईला सांभाळल्याची किंमत त्यानं भरली, आणि तो कागद मी टाईप केला.

बाराच्या सुमारास टेबलावर परत आले, तर मोबाईलवर भावाचे सहा मिस्ड कॉल. आई सकाळी चहा घेऊन आडवी झाली होती, ती उठली नाही.

आंबवड्याला पोचले तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या. पाणी तापलं होतं. भावजयीनं माझ्या हातात तांब्या दिला आणि बाजूला झाली. आईला न्हाऊ घातलं, ते माझ्याच हातानं. घाई केली नाही. कुणीतरी मागून "आवरा" म्हणालं, तरी केली नाही. शिकेकाई भोरलाच राहिली होती.

कंपनीनं मला तीन दिवसांची रजा दिली. ती माझीच शिल्लक रजा होती. आई गेल्यावर द्यायची वेगळी रजा आमच्या नियमात नव्हती, आणि इतक्या वर्षांत ती असावी असं मला सुचलं नव्हतं. परत आले त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर दत्ता माझ्या दारात येऊन उभा राहिला. त्याला कुणीतरी सांगितलं असावं, त्या रविवारी मी कुठं जाणार होते ते. मी म्हटलं, "जा, तुझी बस सुटेल." तो गेला.

सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची तीन झाली. कागद दरवेळी मी पुढं न्यायचे आणि साहेब न वाचता सही करायचे. त्यांची बदली झाली, नवे साहेब आले, त्यांनाही मी वही उघडून पासलीचे तास समजावले. माझ्यानंतर आलेल्या मुलीला शेवटच्या दिवशी मी काय काय दाखवलं ते आठवत नाही, पण दत्ताची फाईल दाखवल्याचं आठवतं. लाईन लीडर दुसराच झाला. दत्ता त्याच्या हाताखाली त्याच मशीनवर राहिला.

निवृत्तीनंतर लोक विचारतात, काम आठवतं का. काम नाही आठवत. आठवतो तो आईचा फोन. 'जा, जा' म्हणतानाचा तिचा आवाज. त्यात रुसवा होता का, हे मी अजून शोधते. एखादा दिवस वाटतं होता, एखादा दिवस वाटतं नव्हता. रविवार आला की आंबवड्याची एसटी किती वाजता सुटते ते मनात येतं. भाऊ-भावजय आहेत तिथं, जाते कधीकधी. पण ओट्यावर बसून "आली का" म्हणणारं कुणी नाही.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर दत्ताचा फोन आला. "मॅडम, भात निघालंय. नवा तांदूळ घ्यून जावा. आन आईला बी बघून जावा, आता लई थकलीया." मी वेल्ह्यावरून पासलीची गाडी धरली. खळ्यावर झोडणी चालली होती, दत्ता पेंढ्या आपटत होता. घामानं निथळत माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "मला बी वळखत न्हाई आता. दोन म्हैनं झालं."

मला चौकशीतलं त्याचं बोलणं आठवलं. मी विचारलं, "मग आता? दुसऱ्या शिफ्टला जातोस?"

"न्हाई. म्या वळखतो की तिला." आणि तो पुन्हा पेंढ्यांकडे गेला.

हौसाबाई उन्हात घोंगडीवर बसल्या होत्या. हातापायांच्या काड्या झालेल्या. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी कपाळावर हात धरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना मुलगी नाही, कधी नव्हतीच. तरी तोंडभर हसल्या.

"आलीस व्हय गं? किती दिसाची रजा हाय?"

चुलती लांबून म्हणाली, "अवं, त्या मॅडम हायत कंपनीतल्या." हौसाबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

मी म्हणाले, "आता रजाच हाय, आई. कामावर जायचं न्हाई."

"मग उभी का? बस की."

त्यांनी सरकून घोंगडीवर जागा केली. मी बसले. त्यांनी माझा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला आणि खळ्याकडे बघत राहिल्या. चारची एसटी येऊन थांबली, हॉर्न वाजला. दत्तानं लांबूनच हातानं खुणावलं, गाडी, गाडी. मी त्याला मानेनंच नाही म्हटलं.